दप्तराला एकच दार

१८७४ सालच्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे या गावाने आपल्या सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्याकडे कोणी राबायचे नाही, पाणी भरायचे नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, असे ठरले. पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. भीमथडी तालुका आज त्या नावाने नाही. आजच्या दौंड आणि बारामती या तालुक्यांचा बराच भाग त्यात होता. सुप्याहून हे लोण भीमेच्या दोन्ही काठांवर आणि नगर जिल्ह्यात पसरले. इतिहासाच्या पुस्तकात हे सारे ‘दख्खनचे दंगे’ या दोन शब्दांत आटोपते.

या दंग्यांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. जमावाला काय हवे होते, हा त्यातला सर्वांत लक्षणीय भाग आहे. सुप्यासारख्या ठिकाणी लुटालूट झाली हे खरे. पण बहुतेक गावी मागणी एकच होती, कर्जरोखे बाहेर काढा. सावकाराने रोखे मुकाट्याने दिले तर ते फाडायचे, जाळायचे आणि घरी जायचे. शारीरिक इजा फारशी कोणाला झाली नाही. शेतकऱ्यांचा राग माणसापेक्षा कागदावर अधिक होता.

का, ते समजण्यासाठी त्या कागदाची रचना पाहिली पाहिजे. रोख्याची प्रत एकच, आणि ती सावकाराच्या पेटीत. कुणब्याला वाचता येत नसे. त्याने वर्षभरात भरलेली रक्कम रोख्यावर चढली की नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू ऋणकोला वाचवण्याचा; प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. कापसाचे भाव अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) चढले आणि युद्ध संपताच कोसळले; १८६७ मध्ये इंदापुरात आणि पुढे शेजारच्या तालुक्यांत शेतसारा वाढवून आकारला गेला. ही आर्थिक कारणे प्रसिद्धच आहेत. त्यांच्या जोडीला आम्ही एक कारण ठेवू इच्छितो, आणि ते आमच्या धंद्यातले आहे: नोंद कोणाच्या हातात, ती कोण वाचू शकतो, कोण बदलू शकतो आणि बदलल्याचा माग राहतो का.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने नेमका येथेच हात घातला. शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्राम निबंधकासमोर लिहिला जावा, भरलेल्या रकमेची पावती द्यावी, मागितल्यास हिशेब दाखवावा, आणि न्यायालयाने रोख्याच्या आकड्यावर न थांबता त्यामागचा व्यवहार तपासावा, अशा त्याच्या तरतुदी होत्या. कर्जबाजारीपणा त्याने संपला नाही. पण नोंदीकडे जाणारी वाट सावकाराच्या ओसरीवरून काढून एका ठरलेल्या दाराशी आणली गेली.

जमिनीच्या नोंदींबाबत ही कल्पना त्याआधीच रुजू लागली होती. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात जी मोजणी केली तिने प्रत्येक शेताला एक क्रमांक दिला. मालक बदलो, पीक बदलो, सर्व्हे नंबर तोच. पुढे १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेख आला आणि अँडरसन या सनदी अधिकाऱ्याच्या महसुली हिशेबांच्या पुस्तकाने गावच्या दप्तराचे नमुने एका शिस्तीत बसवले. एक ते एकवीस या नमुन्यांपैकी सातवा हक्कांचा आणि बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले की आपला सातबारा. आठ-अ मध्ये खातेदारवार धारणा आणि सहा मध्ये फेरफार.

फेरफाराची रीत विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावी. जमीन विकली गेली तर सातव्यातले जुने नाव खोडरबराने पुसत नाहीत. त्याला कंस करतात, नवे नाव लिहितात आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक टाकतात. तो क्रमांक धरून सहाव्या नमुन्यात गेले की बदल का झाला ते सापडते. शिवाय लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा: तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकाऱ्याने) नोंद धरायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे आणि मग मंडळ अधिकाऱ्याने ती मंजूर वा रद्द करायची. शेतकरी स्वतः दप्तर उघडत नाही. तो उतारा मागतो. दप्तर कोणत्या कपाटात आहे, नमुना कोणत्या साली बदलला, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यांतील विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी इंटरनेटवर पाहता याव्यात अशी व्यवस्था करायला घेतली. आम्ही म्हणजे तिघे संशोधक आणि दोन विद्यार्थी. आज्ञावली लिहिण्याचे रीतसर शिक्षण कोणाचेच नव्हते. पातळी मोजण्याचे बरेचसे काम गावोगावच्या शिक्षकांनी केले. आम्ही एक पान गाववार तक्त्यासाठी केले, एक आलेखासाठी, एक नवी नोंद भरण्यासाठी, आणि मग गरज पडेल तशी वाढवत गेलो. प्रत्येक पानात माहितीसाठ्याला विचारायचा प्रश्न त्या त्या जागीच लिहिलेला होता. पहिल्या पानातला प्रश्न उचलून दुसऱ्यात चिकटवायचा, थोडा बदलायचा, की काम भागे.

एके दिवशी दौंड तालुक्यातील एका शिक्षकांचा फोन आला: “सर, आमची गुऱ्हाळाची विहीर तक्त्यात दिसते, आलेखात दिसत नाही. आटली की काय?” विहीर भरलेली होती. घोटाळा ‘ऱ्हा’ या अक्षराचा होता. संगणकात हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. यंत्राच्या दृष्टीने मात्र हे दोन निराळे शब्द. आमच्या तक्त्याच्या पानात कोणीतरी दोन्ही रूपे एक मानण्याची सोय केली होती. आलेखाच्या पानात ती नव्हती. शोधू लागलो तेव्हा गट क्रमांकांचीही तीच गत दिसली. कोणी मराठी अंक लिहिले, कोणी इंग्रजी, कोणी तिरकी रेघ, कोणी आडवी. प्रत्येक पान या भेदांशी आपापल्या परीने झगडत होते आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा होता.

यावरचा उपाय आमच्याआधी अनेकांनी शोधून ठेवला होता, हे आम्हाला उशिरा कळले. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत माहिती आणि तिच्यावर करायची कामे एकत्र बांधण्याची सोय होती. त्या गाठोड्याच्या साच्याला ‘क्लास’ म्हणतात. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये दाखवले की माहिती साध्या तक्त्यांत मांडली तर ती डिस्कवर कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करायला नको. आणि डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये एक साधा निकष मांडला. आज्ञावलीचे भाग पाडताना कामाच्या क्रमाने पाडू नका. जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एका भागात लपवा आणि इतरांना त्याचा पत्ता लागू देऊ नका. नव्वदच्या दशकात वेबची पाने थेट माहितीसाठ्याशी बोलू लागली तेव्हा हा धडा घाईत विसरला गेला. पानापानांत प्रश्न विखुरले आणि पुन्हा सर्वांना तो शिकावा लागला. २००० नंतर ‘डेटा ॲक्सेस’ वर्गांची चर्चा प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांतून सर्रास दिसू लागली.

आम्ही असा एक वर्ग लिहिला. विहीर शोधायची, तिच्या नोंदी द्यायच्या, नवी नोंद घ्यायची, चुकीची नोंद दुरुस्त करायची, एवढीच कामे त्याला ठाऊक. सर्व पाने त्यालाच विचारणार. ‘ऱ्हा’ची दोन रूपे एक करणे, अंक एकसारखे करणे, हे सारे त्याच्या पोटात गेले. हे दार झाले तेव्हा आमची अवस्था उतारा मागणाऱ्या शेतकऱ्यासारखी झाली, आणि ते फार सुखाचे होते.

मग आम्हाला लोभ सुटला. हा वर्ग विहिरींपुरताच का? पर्जन्यमापके, मातीचे नमुने, सगळ्यांना एकच वर्ग का चालू नये? म्हणून आम्ही कोणत्याही तक्त्यावर काहीही करू शकणारा सर्वसमावेशक वर्ग लिहिला. तो वापरताना तक्त्याचे नाव, स्तंभाचे नाव, अट, क्रम असे सारे पानाने सांगायचे. महिन्याभरात लक्षात आले की पानांना पुन्हा तक्त्यांची सगळी खबर ठेवावी लागते आहे. दार इतके रुंद केले की भिंतच उरली नाही! जे खरोखर सर्वत्र सारखे होते ते थोडेच होते: जोडणी उघडणे-मिटणे, प्रश्न सुरक्षितपणे पाठवणे, चूक झाल्यास नोंदवणे. तेवढे खालच्या एका वर्गात ठेवले. वर विहिरींचा, पावसाचा, मातीचा असे निरनिराळे वर्ग त्याच्या आधारावर उभे केले. पुन्हा वापरता येणारे ते खालचे. अर्थ ज्याला कळतो ते वरचे. ही विभागणी पहिल्या दिवशी कागदावर करता येते असे आम्हाला वाटत नाही. दोन-तीन ठिकाणी तेच काम प्रत्यक्ष केल्यावरच सारखे काय ते दिसते.

‘सुरक्षितपणे’ हा शब्द वर ओझरता आला, पण त्यात बरेच आहे. वापरणाऱ्याने टंकलेला मजकूर जसाच्या तसा प्रश्नाच्या वाक्यात जोडला तर त्या मजकुरातून आज्ञाही घुसवता येते. नावाच्या चौकटीत कोणी असे काही लिहील की यंत्र ते नाव न समजता ‘सगळे पुसून टाक’ असा हुकूम समजेल. यावर उपाय छापील नमुन्यासारखा आहे: वाक्य आधी पक्के छापायचे, रिकाम्या जागा सोडायच्या, आणि रिकाम्या जागेत काहीही आले तरी ते केवळ मजकूर मानायचे. कोऱ्या कागदावर अंगठा देणे आणि छापील नमुना भरणे यांत जो फरक, तोच येथे. पानापानांत विखुरलेल्या प्रश्नांत ही काळजी एका जागी राहून जाणारच. दार एकच असेल तर ती एकदाच घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट अर्धवट नोंदीची. पैसे दिले पण रोख्यावर चढले नाहीत, हे १८७५ चे दुखणे. माहितीसाठ्यात विक्री नोंदताना जुन्या मालकाच्या नावाला कंस झाला आणि नवे नाव चढण्याआधी वीज गेली तर जमीन कोणाची? म्हणून दोन्ही बदल एका गाठीत बांधतात: दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. ही गाठ कोठे बांधायची हे पानाने ठरवू नये. ते अर्थ कळणाऱ्या वर्गाचे काम.

महाराष्ट्राच्या दप्तराचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. पुढे ई-फेरफार प्रणाली आली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की तेथील आय-सरिता प्रणालीकडून त्याची खबर ई-फेरफारकडे जाते आणि फेरफाराची प्रक्रिया सुरू होते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी बाराव्या नमुन्यातली पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला. म्हणजे दप्तराशी बोलणारी माणसे आणि यंत्रे वाढत गेली. दारावरची शिस्त मात्र अँडरसनच्या नमुन्यांचीच: एकाने धरायची, दुसऱ्याने प्रमाणित करायची, जुने पुसायचे नाही.

एका दाराचा धोकाही सांगितला पाहिजे. विखुरलेल्या व्यवस्थेत चूक एका पानापुरती असते. एकाच दारात चूक शिरली की ती सर्वांच्या उताऱ्यावर उमटते. आमच्याच वर्गात एकदा फुटांचे मीटर करताना चूक झाली आणि एका रात्रीत दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या विहिरी खोल गेल्या. सकाळी दुरुस्ती केली, तीही एकदाच करावी लागली. पण त्या आधी तीन शिक्षकांनी विचारणा केली होती. आकडा खोटा आहे हे त्यांना आमच्या यंत्राआधी कळले, कारण त्यांनी विहिरीत डोकावून पाहिले होते.

हस्तलिखित सातबारे संगणकावर उतरवताना राहिलेल्या चुकांसाठीही राज्याला अखेर असाच मार्ग धरावा लागला. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. छापून काढलेला सातबारा ग्रामस्थांपुढे मोठ्याने वाचायचा, ज्याचे नाव वा क्षेत्र चुकले असेल त्याने उठून सांगायचे, आणि मग मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहायचे. करडे आणि सुपे या गावांनी ज्या कागदाला हात घालण्यासाठी दंगा केला होता तो कागद त्यांच्या पणतवंडांपुढे चावडीवर वाचला जाऊ लागला. तुमच्या शाळेजवळच्या गावी त्या वाचनाला हजर असलेले कोणी ना कोणी नक्की भेटेल. त्या दिवशी कोणत्या चुका निघाल्या हे वर्गातल्या मुलांनी त्यांना जाऊन विचारावे, आणि जमल्यास कोणा पालकांचा जुना हस्तलिखित सातबारा आजच्या उताऱ्याशेजारी ठेवून वर्तुळातले फेरफार क्रमांक जुळवून पाहावेत.