हॉलिस्टर रँच : गुरांची कुरणं, राखलेला किनारा आणि बंद फाटक

हॉलिस्टर रँच ही कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा काउंटीमधली सुमारे १४,५०० एकरांची खासगी मालमत्ता आहे. वर डोंगरउतारावर गुरांची कुरणं, खाली साडेआठ मैलांचा समुद्रकिनारा आणि मध्ये तुरळक घरं.

चुमाश या मूळनिवासींचा हा प्रदेश. स्पॅनिश काळात तो ओर्तेगा घराण्याकडे गेला आणि १८६०च्या दशकात मेंढ्यांचा मोठा व्यवसाय असलेल्या विल्यम वेल्स हॉलिस्टर यांच्या हाती आला. शंभरेक वर्षांनी जमीन विकली गेली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे शंभर-शंभर एकरांचे १३०हून अधिक प्लॉट पडले.

प्लॉट पडले की बंगल्यांची रांग लागते, हा नेहमीचा अनुभव. इथं तसं झालं नाही. मालकाला प्लॉटच्या छोट्याशा भागावरच बांधकाम करता येतं; उरलेली जमीन सामायिक गुरांच्या चराईसाठी मोकळी ठेवावी लागते. शिवाय राज्याच्या १९६५च्या विल्यमसन कायद्यानुसार अशा जमिनीवरचा कर बाजारभावाने नव्हे, शेती-उत्पन्नाच्या हिशेबाने बसतो. म्हणजे गुरं राखण्यात मालकांचा फायदाच आहे. एका प्लॉटला बारापर्यंत मालक असू शकतात, त्यामुळे केवळ लाटांसाठी छोटा हिस्सा घेणारे सर्फरही इथं आहेत.

निसर्ग टिकला तो याच बंधनांमुळे. थंड आणि उबदार सागरी पाण्याची इथं गाठ पडते, त्यामुळे उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या प्रजाती शेजारी-शेजारी दिसतात.

वाद आहे तो फाटकाचा. कॅलिफोर्नियात सरासरी भरतीरेषेच्या खालची पुळण जनतेच्या मालकीची. पण तिथवर पोचायचा रस्ता रँचमधून जातो आणि तो फक्त मालक व त्यांच्या पाहुण्यांसाठी. गर्दी झाली तर किनारा बिघडेल, असं मालक म्हणतात. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, पण सोयीचा नक्कीच आहे. १९८०च्या दशकात आखलेली प्रवेशयोजना कागदावरच राहिली. २०१८मध्ये राज्याने मालकांशी केलेल्या तडजोडीत सर्वसामान्यांना फक्त समुद्रमार्गे, तेही किनाऱ्याच्या छोट्या तुकड्यावर येण्याची मुभा होती. त्यावर गदारोळ उठला. २०१९च्या कायद्याने जमिनीवरून प्रवेशासाठी १ एप्रिल २०२२ ही मुदत घातली. तीही उलटली.

दरम्यान रेल्वेमार्ग मात्र रँचमधूनच जातो. पॅसिफिक सर्फलायनरच्या तिकिटावर हा किनारा खिडकीतून कुणालाही बघता येतो. गाडी तिथं थांबत नाही, एवढंच.