१ केबीचं बिऱ्हाड

१९८१ साली ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने झेडएक्स८१ हा घरगुती कॉम्प्युटर काढला. तयार मशीनची किंमत ६९.९५ पौंड, मेमरी फक्त १ केबी! प्रोग्रॅम जरा लांबला की जागा संपलीच. उपाय एकच, मागे खोचायचा १६ केबीचा रॅम पॅक. पण तिथे धड सॉकेट नव्हतं. सर्किट बोर्डाची उघडी कडाच पॅकमध्ये शिरायची. टाइप करताना पॅक हलला की मशीन गपगार, आणि कॅसेटवर न उतरवलेलं सगळं काम गायब! लोक चिकटपट्ट्या लावून बसायचे. गंमत बघा, त्याच कडेवर प्रोसेसरच्या अ‍ॅड्रेस आणि डेटा लाइन्स उघड्या मिळाल्या, म्हणून इतर कंपन्यांनाही मेमरी नि साउंडची जोडणी बनवता आली. ज्या काटकसरीने लोकांना रडवलं, तिनेच मशीनला वाढायला वाव दिला.