बाटलीवरचा ‘ड्राय’ आणि तुमची साखर

“डॉक्टर, ड्राय आहे, म्हणजे साखर नाही ना?” मधुमेहाचे एक पेशंट विचारत होते. मुलाने इटलीहून प्रोसेक्को आणलेली, लेबलवर ‘एक्स्ट्रा ड्राय’. त्यांना उत्तर देताना मला थेट एकोणिसाव्या शतकात जावे लागले.

त्या काळी फ्रान्सची शँपेन सरबतासारखी गोड असे, आणि रशियाला जाणारी तर फारच. बूच लावण्याआधी बाटलीत साखरेचा पाक घालत. इंग्रजांना ती जेवणाबरोबर हवी होती, म्हणून कमी गोड हवी होती. मादाम पॉमेरी यांनी १८७४ च्या द्राक्षांची ‘ब्रूट’ काढली ती याच गिऱ्हाइकासाठी. त्याआधी ‘ड्राय’ म्हणजे नेहमीपेक्षा कमी गोड, एवढेच. तो जुना शब्द लेबलवर तसाच राहिला. त्यामुळे आज युरोपच्या नियमांत ‘ड्राय’ फेसाळ वाइनमध्ये लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर चालते, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७ आणि ‘ब्रूट’मध्ये १२ पर्यंत. नावावर जाल तर फसाल!

आपल्याकडेही हा प्रकार नवा नाही. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने ‘ओमर खय्याम’ काढली; ती परदेशातही विकली गेली. पुढे नाशिकच्या वायनरींनी ब्रूट घरोघरी नाही, तरी हॉटेलांत पोचवली. तळलेली कोळंबी, सुरमई किंवा बटाटेवडा यांच्याबरोबर ती चांगली लागते, कारण आंबटपणा आणि बुडबुडे तेलकटपणा कापतात.

हल्ली काही इटालियन बाटल्यांवर ‘बायोडायनॅमिक’ही असते. रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून ही शेती आली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात, मग पाण्यात ढवळून शेतात शिंपडतात. जमिनीचे त्याने काय होते ते शेतकरी जाणोत. तुमच्या यकृताला मात्र अल्कोहोल तेच.

आणि खरा मुद्दा तिथेच आहे. १५० मिलीच्या ग्लासात साखर जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, पण वाइन ११ टक्क्यांची असेल तर अल्कोहोल सुमारे १३ ग्रॅम. यकृत ते निपटत असताना नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल आणि पोट रिकामे असेल, तर साखर वाढण्याऐवजी एकदम खाली येऊ शकते, कधी मध्यरात्री, कधी दुसऱ्या सकाळी. घाम, थरथर, अडखळते बोलणे. घरच्यांना वाटते, चढली आहे! अशा वेळी आधी ग्लुकोमीटर लावा.

या गृहस्थांना मी सांगितले: पीत नसता तर सुरू करा म्हणालो नसतो. घेणारच असाल तर एकच ग्लास, तोही भात-भाकरीच्या पूर्ण जेवणाबरोबर, नुसत्या तळलेल्या तुकड्यांवर नाही. झोपण्यापूर्वी साखर तपासा, आणि गोळीचे नाव वहिनींना आधीच सांगून ठेवा.