बाजरीच्या हायब्रीडची एकच आई

ज्यांनी बाजरीचं बिजोत्पादन घेतलंय त्यांना मादीच्या ओळी लगेच ओळखू येतात. कणीस चांगलं भरदार, पण परागकोश बारीक, सुकलेले. झटकलं तरी धूळ उडत नाही. यालाच नरवंध्य वाण म्हणतात. बाजरीचं फूल एवढंसं, एकेका फुलातला नर हातानं काढायचा म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून या वांझपणावरच आपलं हायब्रीड उभं आहे.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी १९५८ साली हे नरवंध्यत्व जगापुढं मांडलं. तिकडं बाजरी चाऱ्यासाठी करतात. त्यांची 'टिफ्ट २३ए' ही मादी लुधियानात आली आणि डॉ. अठवाल यांनी तिच्यापासून १९६५ साली एचबी-१ काढली. मग एचबी-२, ३, ४, ५. नर बदलत गेले, मादी तीच.

पुढं सत्तरच्या दशकात गोसावी (केवडा) आला. दाण्याच्या जागी हिरवी पानं, कणसाचा नुसता झाडू! देशभर हायब्रीड बाजरी झोपली. जुनी माणसं अजून म्हणतात, नर मारलेलं बी, रोग येणारच. मला हे पटत नाही. नरवंध्यत्व असतं पेशीद्रवात, ते फक्त आईकडून येतं. गोसावीला दाद न देण्याचा गुण असतो केंद्रकातल्या जनुकांत. अमेरिकेत बाजरीवर गोसावी नाहीच, मग टिफ्टची निवड करताना तो गुण पारखणार कसा?

मक्याचं मात्र उलट झालं. १९७० साली अमेरिकेत करपा आला, तेव्हा 'टेक्सास' पेशीद्रवच रोगाला बळी पडत होता. त्यांचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. तिथं दोष खरंच वांझपणाच्या मुळाशी होता.

आपल्याकडं १९७७ ला बीजे-१०४ आली, मादी ५१४१ए. काही वर्षं बरी चालली, सगळीकडं तीच झाली, आणि ऐंशीच्या दशकात तिच्यावरही गोसावी पडला. पुन्हा एकच आई!

पाटंचेरूच्या इक्रिसॅटनं टिफ्टच्याच घराण्यातल्या बियांवर किरणांचा मारा करून, रोगात टिकलेली झाडं निवडून ८१ए मादी तयार केली. तिच्यापासून १९८६ साली आयसीएमएच-४५१ आली. पेशीद्रव टिफ्टनचाच, पण गोसावीला दाद देईना. आजही आपल्याकडच्या बहुतेक हायब्रीड बाजरीत तोच पेशीद्रव आहे, पिशवीवर नाव कुठलंही असो.