विज्ञानकथा स्पर्धा, मराठी विज्ञान परिषद

मराठी विज्ञान परिषदेतर्फे विज्ञानकथेसाठी घेतली जाणारी स्पर्धा. परिषदेची स्थापना १९६६ साली झाली. मुख्यालय मुंबईत, शीव-चुनाभट्टी येथील विज्ञान भवनात आहे. मराठीतून विज्ञानप्रसार हे तिचे मुख्य कार्य असून ती अधिवेशनेही भरवते.

स्पर्धेच्या इतिहासात १९७४ हे वर्ष सर्वांत मोलाचे. ‘कृष्णविवर’ या कथेला त्या वर्षी पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर होते. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहवून घेतली. नामवंताने नवोदितांच्या रांगेत उभे राहावे, ही त्या स्पर्धेची खरी प्रतिष्ठा होय. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह लोकप्रिय झाला. नाशिक येथील ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (२०२१) अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. विज्ञानकथाकाराला मराठी साहित्याने दिलेला हा फार मोठा मान. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनीही ही कथापरंपरा समृद्ध केली.