शिडकाठी, झुरळाच्या मिशा आणि तंबूचा खांब

कॉर्नवॉलमधले गावरस्ते इतके अरुंद, की समोरून ट्रॅक्टर आला तर दोघांपैकी एकाला मागे जावंच लागतं. दोन्ही बाजूंना झुडपं माजलेले दगडमातीचे बांध. अशाच एका रस्त्यावर आमची भाड्याची कॅम्पर व्हॅन मागे घेताना एक फांदी छपरावर खरवडत गेली, 'टक्' असा आवाज झाला आणि बोलता रेडिओ नुसता खरखरू लागला. भाचा उतरून पाहून आला. "मामा, एरियल गेली!" बुडाशी जेमतेम दोन बोटं शिल्लक होती, उरलेली बांधावरच्या काट्यांत.

गाडीत हत्यारं नव्हती, पण दाराबाहेर छत लावायचा तंबू होता आणि त्याच्या फायबरच्या काठ्यांत एक जास्तीची होती. तिच्यावर आम्ही विजेची एक वायर लांबीनं बांधली, टोकाचं प्लॅस्टिक सोलून तांबं उघडं केलं आणि होज क्लिपनं ते मोडक्या बुंध्याला आवळलं. लांबी ठरवणं सोपं होतं. एफएमची लहर साधारण ३ मीटरची असते आणि पत्र्याचं छप्पर असलं की तिच्या पाव लांबीची, म्हणजे ७५ सेंटिमीटरची काठी पुरते. उरलेल्या अर्ध्या अंगाचं काम छपराचा पत्रा करतो. म्हणून तर एरियलच्या केबलवरची जाळी पत्र्याला नीट टेकलेली असावी लागते. तिथे गंज धरला, की धडधाकट काठीसुद्धा खरखरते. आमचा पत्रा शाबूत होता. रेडिओ बोलला आणि पहिलं ऐकू आलं ते खलाशांसाठीचं हवामान.

त्या रात्री व्हॅनमध्ये पडल्या पडल्या वाचताना एका ओळीवर अडकलो. इटालियन भाषेत तंबूच्या मधल्या खांबाला 'अंतेन्ना चेंत्राले' म्हणतात आणि रेडिओचा अँटेना नावाला आला तो तिथून. उठून बसलो. तंबूच्या काठीला तार बांधून आम्ही दुपारी जो जुगाड केला होता, तो जुगाड नव्हताच. तो त्या शब्दाचा जन्म होता.

गोष्ट अशी सांगतात. १८९५चा उन्हाळा. बोलोन्याजवळच्या पोंतेक्क्यो इथे वडिलांच्या इस्टेटीवर २१ वर्षांचा गुल्येल्मो मार्कोनी बिनतारी संदेशाचे प्रयोग करत होता. हर्ट्‌झची यंत्रं टेबलावर चालत होती, पण त्यांचा पल्ला वाढत नव्हता. मार्कोनीनं तारेचं एक टोक उंच खांबावर नेलं, दुसरं जमिनीत गाडलं आणि संदेश टेकडीपलीकडे पोचला. तो पोचल्याची खूण म्हणून पलीकडून भावानं बंदुकीचा बार काढला. तारेचा तो खांब तंबूच्या खांबासारखा, म्हणून घरच्या बोलीत 'अंतेन्ना' झाला. तोवर या भागाला वेगळं नावच नव्हतं, 'टर्मिनल' म्हणून भागत होतं. तंबूचा हा किस्सा स्वित्झर्लंडमधलं साल्व्हाँ गावही आपला म्हणून सांगतं. त्यांचा आधार मात्र एका गावकऱ्यानं म्हातारपणी सांगितलेली लहानपणची आठवण एवढाच आहे आणि इतिहासकार तिच्यावर फारसे विसंबत नाहीत.

या कुळकथेला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे: कीटक. फुलपाखराच्या, झुरळाच्या डोक्यावरच्या त्या दोन हलत्या काड्यांना इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये रेडिओच्या कितीतरी आधीपासून 'अँटेना' म्हणत आले आहेत. फ्रान्सचे आंद्रे ब्लोंदेल १८९८ मध्ये बिनतारीच्या अँटेनांवर लिहीत होते आणि त्यांच्या वाचकाला हा शब्द आधी किड्यामुळेच ओळखीचा असणार. हवेतली चाहूल घेणारी काडी ती अँटेना, उपमा पटते. शाळेत मलाही हेच सांगितलं होतं.

मला ती उपमा आता पटत नाही, आणि त्याला तीन कारणं आहेत. किड्याच्या काड्या जोडीनं असतात, मार्कोनीचा खांब एकटा. किड्याची काडी फक्त चाहूल घेते, मार्कोनीच्या खांबावरून संदेश जातही होता. आणि इटालियन माणसाला 'अंतेन्ना' ऐकून किडा आठवायची गरजच नव्हती. झेंड्याची काठी, उंच वासा, जहाजाच्या शिडाची काठी, या सगळ्यांना तो रोज हाच शब्द वापरत होता. हाताशी वासा असताना झुरळाकडे कोण जाईल? तंबूचा तपशील नंतर रंगवला गेला असेल, असू दे. वासा खरा आहे, एवढं मी छातीठोकपणे म्हणतो. किड्याची उपमा फ्रेंच आणि इंग्रज वाचकांनी मागाहून चिकटवली.

पण मग किड्याला तरी हे नाव कोणी दिलं? इथून गोष्ट खरी रंगते.

लॅटिनमध्ये 'अँतेन्ना' म्हणजे शिडाची काठी. डोलकाठी नव्हे. डोलकाठी उभी असते आणि ही तिच्यावर आडवी किंवा तिरकी चढवलेली, जिला शीड बांधतात ती. मालवणकडच्या मचव्याचं जुनं छायाचित्र पाहा. डोलकाठीवर तिरपी बांधलेली, टोकाकडे निमुळती होत आभाळात घुसणारी जी लांबलचक काठी दिसते, तसल्याच काठीला भूमध्य समुद्रावरचे खलाशी 'अंतेन्ना' म्हणत आले.

आता ॲरिस्टॉटलकडे या. प्राण्यांवरच्या ग्रंथात तो सांगतो, की काही कीटकांना डोळ्यांपुढे 'केराइआ' असतात, उदाहरणार्थ फुलपाखरांना. ग्रीकमध्ये 'केरास' म्हणजे शिंग. त्यावरून आलेल्या 'केराइआ'ला मात्र अर्थांचं शेपूट मोठं. शिंगासारखं पुढे आलेलं काहीही केराइआ, शिडाची काठी केराइआ, अक्षराचा इवलासा फाटाही केराइआ. पंधराव्या शतकात हा ग्रंथ लॅटिनमध्ये आणायला बसला थिओडोरस गाझा, थेसालोनिकीचा ग्रीक. १४३० मध्ये तुर्कांनी त्याचं गाव घेतलं आणि तो इटलीला येऊन पोपच्या आश्रयानं भाषांतरं करू लागला. त्याचं हे भाषांतर १४७६ मध्ये व्हेनिसमध्ये छापलं गेलं आणि त्यात किड्यांच्या डोक्यावर शिडकाठ्या उगवल्या.

बिचारा चुकला, असं काही जण म्हणतात: केराइआचे दोन अर्थ, त्यानं भलताच उचलला. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. शिंगाला लॅटिनमध्ये 'कॉर्नू' हा सरळ शब्द होता आणि तो गाझाला ठाऊक नसणं शक्य नाही. पण ॲरिस्टॉटलनंच हरणाच्या शिंगाला 'केरास' आणि किड्याच्या काडीला 'केराइआ' असा भेद ठेवलेला. दोन्हींना 'कॉर्नू' म्हटलं असतं तर तो भेद बुडाला असता. शिवाय लॅटिन कवींना शिंग आणि शिडकाठी ही जोडी नवी नव्हती, व्हर्जिलनं शिडकाठ्यांच्या टोकांना शिंगंच म्हटलं आहे. समुद्र ओलांडून आलेल्या माणसानं फुलपाखराच्या डोक्यावर दोन बाजूंना झुकलेल्या लवचीक काठ्या पाहिल्या आणि बंदरातलं गलबत त्याला आठवलं. ही चूक नाही, याला नजर म्हणतात.

सगळ्यात मोठी गंमत ग्रीक लोकांची. आजही रेडिओच्या अँटेनाला आणि किड्याच्या अँटेनाला ते एकच नाव देतात: केराइआ, आजच्या उच्चारात 'केरेआ'. अर्थ ग्रीसमधून निघाला, रोमच्या गोदीतल्या शिडकाठीचं नाव घेऊन व्हेनिसला किड्याच्या डोक्यावर बसला, बोलोन्याला तार अंगावर घेऊन वासा झाला आणि घरी परतला तेव्हा आईनं जुन्याच नावानं हाक मारली.

शिंगाचा हा धागा आपल्यापर्यंतही येतो. ग्रीक 'केरास', लॅटिन 'कॉर्नू', इंग्रजी 'हॉर्न' आणि संस्कृत 'शृंग' ही एकाच कुळातली भावंडं. आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत कीटकाच्या अँटेनाला 'शृंगिका' म्हणतात, म्हणजे छोटं शिंग. ज्यानं हा शब्द योजला त्यानं गाझाला वळसा घालून थेट ॲरिस्टॉटलचं घर गाठलं. बोलीचं मात्र वेगळंच. घरात झुरळ निघालं तर कोणी शृंगिका म्हणत नाही, आपण मिशाच म्हणतो. गाझा कोकणातला असता तर आज गच्चीवर टीव्हीच्या मिशा असत्या!

हॉर्न म्हटल्यावर जगदीशचंद्र बोस आठवतात. मार्कोनीच्या खांबाच्याच काळात ते कलकत्त्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम करत होते. इतक्या तोकड्या लहरींना वासा काय कामाचा? लहरी गोळा करायला त्यांनी एक धातूचं नरसाळं लावलं आणि त्याला नावही नरसाळ्याचंच दिलं. आज अभियंते त्याला 'हॉर्न अँटेना' म्हणतात. ग्रीक केराइआच्या वाटेनं गेलं तर ते होतं शिंगाचं शिंग.

लॅटिन 'अँतेन्ना'च्या मागे काय, यावर मात्र एकमत नाही. एक तर्क असा, की तो ताणण्याच्या धातूवरून आला: जिच्यावर शीड ताणतात ती. मी या तर्काच्या बाजूचा, आणि माझा स्वार्थ उघड आहे. तो खरा असेल तर त्याच खोडावर संस्कृत 'तन्' बसतो, 'तंतू' आणि 'ताण' बसतात, छत या अर्थाचा 'वितान' बसतो आणि लॅटिनमार्गे इंग्रजी 'टेंट'सुद्धा. मग तंबू आणि त्याचा खांब एकाच धातूची लेकरं ठरतात. या उत्साहात मी मराठी 'तणावा'ही यादीत घातला होता. तंबूच्या दोरीला आपण तणावा म्हणतो, त्याहून चांगला पुरावा कुठला? पण अरबी-फारसीत तंबूच्या दोरीलाच 'तनाब' म्हणतात आणि आपला तणावा लष्करी छावण्यांतून आलेला तिचाच वारस दिसतो. ताणण्याशी त्याचं नातं फक्त दिसण्यापुरतं. नाव खोडलं, पण हात जड झाला.

'एरियल'ची कथा एका ओळीची: हवेतली तार, म्हणून हवेवरून नाव. मराठी विश्वकोशानं 'आकाशक' सुचवला, सुंदर शब्द आहे, पण बोलण्यात रुळला नाही. आपण दोन्ही परके शब्द ठेवले आणि कामं वाटून दिली. भिंतीलगत ताणलेली रेडिओची तांब्याची जाळी ती एरियल. गच्चीवर कावळे बसायचे आणि क्रिकेटच्या दिवशी कोणाला तरी वर जाऊन फिरवावा लागायचा तो अँटेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोल्ढूच्या कड्यावर पोचलो, मुळात निघालो होतो तिथेच. १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडे संदेश धाडायला मार्कोनीनं इथे २०० फूट उंचीचे २० खांब वर्तुळात उभे केले होते. १७ सप्टेंबरच्या वादळात ते सगळे आडवे झाले. मग घाईघाईनं दोनच बुटके खांब उभारून त्यांच्यामध्ये पंख्यासारख्या तारा सोडल्या. पलीकडे न्यूफाउंडलंडला वाऱ्यानं एक बलून आणि एक पतंग नेला, तेव्हा दुसऱ्या पतंगाला तार बांधून १२ डिसेंबरला 'एस' अक्षराचे तीन टिंब ऐकल्याचं मार्कोनीनं सांगितलं. ते खरंच ऐकू आले का, यावर जाणकार आजही भांडतात. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: रेडिओच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला संदेश दुरुस्त केलेल्या एरियलवरून निघाला होता.

आणि आमची व्हॅन? 'व्हॅन' हा 'कॅरव्हान'चा तुटलेला तुकडा आणि 'कॅरव्हान' म्हणजे फारसी कारवाँ. तांडा मुक्कामाला थांबला, की तंबू उभा राहणार आणि तंबू म्हटला की मधला खांब आलाच. कॅम्पर व्हॅनच्या छपरावर एरियल कशाला, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे.

चार दिवसांनी गाडी परत केली. आमची काठी आणि तार अजून बोलत होती, तरी मालकानं नव्या भागाचे पैसे लावले. त्यात गैर काही नव्हतं. पावतीवर लिहिलं होतं, 'एरियल मास्ट', म्हणजे डोलकाठी. पैसे मुकाट्यानं भरले, पण नोंद चुकीची आहे. मोडली होती ती शिडकाठी.