संशोधक येतो, फॉर्म भरतो, निघून जातो!



आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्यांवर अभ्यासक येतात, फॉर्म भरतात, फोटो काढतात, जातात. पदवी त्यांना मिळते. वाडीला काय मिळते? समाजशास्त्रात एम.ए. करताना हा प्रश्न वर्गात कधी निघाला नाही. म्हणून वडनेर भोलजीत बसून आज मारलवाईचा इतिहास सांगावासा वाटतो.

यवतमाळ-चंद्रपूरला लागून निजामाचा आदिलाबाद जिल्हा होता. तिथे जल-जंगल-जमिनीसाठी लढणारे गोंड नेते कोमराम भीम १९४० साली पोलिसांच्या गोळीने शहीद झाले. गोंड का पेटले, हे शोधण्याचे काम निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना दिले. ते पत्नी बेट्टीसह मारलवाई गावी झोपडीत राहिले. उत्तर स्पष्ट होते : पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन राखीव जंगलात गेली होती, उरलेली बाहेरच्यांच्या नावावर चढली होती.

पण ते अहवाल लिहून थांबले नाहीत. १९४३ मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली, हजारो एकरांचे पट्टे आदिवासींना मिळाले.

तरी त्यांना तारणहार करू नका. सरकारला जाग आणली ती भीमच्या बलिदानाने. आणि मिळालेली जमीन टिकली का? १९७० च्या दशकात हायमेनडॉर्फ परतले तेव्हा ती पुन्हा हातची जात होती. ती घेणाऱ्यांत महाराष्ट्रातून गेलेले लोकही होते. हे आपणही लक्षात ठेवले पाहिजे. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंडांवर पुन्हा गोळीबार झाला. हायमेनडॉर्फ यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात जमिनीची ही लूट नोंदवली. १९८७ मध्ये बेट्टी वारल्या, त्यांना मारलवाईतच पुरले. नाते चाळीस वर्षांहून अधिक टिकले, जमीन मात्र टिकली नाही.

का? कारण कायदा आणि कार्यालय गोंडांच्या हाती नव्हते. चांगला अभ्यासक सोबत उभा राहू शकतो, सत्ता मिळवून देऊ शकत नाही.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्याच सेमिनारमध्ये जातींवरचा निबंध वाचला. ज्याच्या समाजाचा इतरांनी अभ्यास करायचा, तोच अभ्यासक झाला! मारलवाईला जे अपुरे राहिले, त्याची वाट इथे आहे.

म्हणून उद्या वाडीवर फॉर्म घेऊन कुणी आले, तर आधी विचारा : परत कधी येणार? आणि लिहिलेले आम्हाला वाचायला देणार का? आपण स्वतः फॉर्म घेऊन गेलो, तर हाच प्रश्न आपल्यालाही!

जय भीम! जय सेवा!